दोन चमचे पाणी

परवान्याच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले, आणि दोन्ही वेळा पाण्यापायी. लेखी पेपर माझे नेहमी चांगले जायचे. औषधांची मात्रा झोपेतून उठवून विचारा, सांगेन. हातही हलका आहे. लपलेली शीर मला पहिल्या टोचणीत सापडते. पण खाटेवरच्या पेशंटनं कोरड्या ओठांनी "पाणी" म्हटलं की माझं शिकलेलं सगळं बाजूला राहायचं आणि मी चमचा उचलायचे. पेशंट खरा नाही, हे ठाऊक असून.

हा खोटा पेशंट काय असतो ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आता दोन हजार बेचाळीस साल चालू आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी मोठ्या दवाखान्यांत प्रत्येक पेशंटच्या छातीला हातभर लांबीचा पट्टा बांधायला सुरुवात झाली. नाडी, श्वास, रक्तातला प्राणवायू, खोकल्याचा जोर, सगळं सेकंदा-सेकंदाला नोंदलं जायचं. कोणतं औषध किती वाजता दिलं, नर्सनं काय पाहिलं, तेही त्यातच. पेशंट घरी गेला किंवा वर गेला, की नातेवाइकांची सही घेऊन ती नोंद अभ्यासासाठी ठेवत. मग गणितवाले बसायचे. या माणसाचं हृदय केवढ्या जोरानं रक्त ढकलतं, याचं फुप्फुस किती ताठर आहे, याचा गळा किती ढिला पडलाय, असे शंभरेक आकडे ते खालीवर करत राहायचे. त्या आकड्यांतून निघणारी नाडी आणि श्वास त्या माणसाच्या खऱ्या नोंदीशी तंतोतंत जुळले, की त्या माणसाची एक प्रत तयार झाली. सरकारी नाव प्रतिदेह. आम्ही पोरी त्याला भूत म्हणतो.

नुसती नोंद म्हणजे झालं गेलं. भुताची गंमत अशी की त्याला विचारता येतं: हेच औषध दोन तास आधी दिलं असतं तर? गणित तिथून पुन्हा पुढे धावतं. अर्थात तो आडाखा, भविष्य नव्हे. आपल्याला न कळलेल्या कितीतरी गोष्टी शरीरात असतात, म्हणून त्या थोड्या-थोड्या बदलून तेच गणित हजार वेळा चालवायचं आणि हजारांत किती जगले, किती गेले ते मोजायचं. परीक्षेला हे भूत एका रबरी देहात सोडतात. कातडी कोमट असते, मनगटाला नाडी लागते, पेशंट बोलतो. नाव, चेहरा, आवाज, गाव बदललेलं असतं. डॉक्टर मढ्यांवर शिकतात म्हणतात. आमची मढी पाणी मागतात, एवढाच फरक.

नियम असा की तीन संधी. तिसऱ्यांदा गेलात तर परवाना विसरा, जन्मभर सहायक म्हणून राबा.

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर गवारगुरू मॅडमनी मला खोलीत बोलावलं. अकोल्याच्या आमच्या कॉलेजात तीस वर्षं शिकवणाऱ्या बाई, आवाज कधी चढायचा नाही, पण बोलणं असं की माणूस उभ्या-उभ्या सोलून निघावा. त्यांनी माझ्या दोन्ही परीक्षांची चित्रफीत मला दाखवली. अर्धांगाचा पेशंट, गिळण्याची चाचणी झालेली नाही, पाठीवर सपाट निजलेला, आणि मी त्याच्या तोंडात चमचा घालतेय.

"समीक्षा गावंडे," मॅडम म्हणाल्या, "तुझी दया त्याच्या फुप्फुसात जाते. तुला ती दिसत नाही, म्हणून तुला वाटतं ती पोटात गेली."

अर्धांगात गिळायचे स्नायूही लुळे पडतात, हे पहिल्या वर्षालाच शिकवतात. पाणी अन्ननलिकेत जायच्या ऐवजी श्वासनलिकेत उतरतं, सोबत तोंडातले जंतू नेतं, दोन दिवसांत फुप्फुसं भरतात. म्हणून आधी पेशंटला बसवायचं, तो जागा आहे ना बघायचं, खोकला जोरात येतो का बघायचं, आणि मग शिकलेल्या माणसानं थेंबाथेंबानं तपासायचं. तोवर फक्त ओल्या कापडानं ओठ पुसायचे. हे मला येत नव्हतं असं नाही. मला ते पटत नव्हतं.

कारण घरात मी वेगळं शिकले होते. मी आठवीत असताना माझ्या बाबांना अर्धांग झालं. सहाव्या दिवशी ते गेले. मला परीक्षा होती म्हणून मला दवाखान्यात नेलंच नाही. मला जे ठाऊक ते आईच्या तोंडून. आई एसटीत कंडक्टर. शहरातल्या बसमधून कंडक्टर केव्हाच गेले, पण मूर्तिजापूरकडच्या आमच्या आडमार्गांवर अजून आहेत. अर्धांग झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती ड्युटीवरून तशीच खाकी कपड्यांत दवाखान्यात गेली. बाबा पाणी मागत होते. तिथली नर्स द्यायला तयार नव्हती. आईनं चार वेळा हात जोडले. मग ती नर्स दुसऱ्या पेशंटकडे वळल्यावर आईनं आपल्या डब्यातल्या चमच्यानं बाबांना दोन चमचे पाणी पाजलं. बाबांनी डोळे मिटले, आणि आई म्हणते, त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान तिनं लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

या दोन चमच्यांवर आई नऊ वर्षं जगली. नुसती आईच नाही. बाबांची मोठी बहीण लीलाआत्या आमच्याकडेच राहते. बाबा होते तोवर तिचं नि आईचं कधी पटलं नाही. आईच्या हातच्या भाजीलाही ती नाव ठेवायची. पण तेराव्याला सगळ्या भाऊबंदांसमोर आत्या म्हणाली, माझा भाऊ तहानेला गेला नाही तो या कुंदामुळं, सख्ख्या बहिणीनं केलं नसतं ते हिनं केलं. त्या दिवसापासून आई त्या घरात कोणीतरी झाली. आणि मी नर्सिंगला जाते म्हटल्यावर आई एवढंच म्हणाली की जा, पण त्या बाईसारखी होऊ नको. मी नर्स व्हायला निघाले तीच मुळी पाणी देणारी नर्स व्हायला. आता सांगा, माझ्या हातून चमचा सुटणार कसा?

मॅडमनी यावर उपाय काढला. पाणी मागणाऱ्या पेशंटच्या पाच केसेस त्यांनी साठ्यातून निवडल्या आणि महिनाभर रोज दुपारी सरावाच्या हॉलमध्ये मला त्यांच्यापुढे उभं केलं. नातेवाइकाचं काम माझी रूममेट शगुफ्ता करायची. रडणं, ओरडणं, पायावर डोकं ठेवणं, पोरगी काही बाकी ठेवायची नाही. पहिल्या तीन केसेस मी निभावल्या. चौथी केस होती बावीसशे सतरा.

पुरुष, वय एक्कावन्न, उजवी बाजू लुळी, वाचा अडखळती. मी नेहमीसारखं मनगट धरलं. पडद्यावर नाडी दिसत असते, पण मॅडमचा दंडक होता की पूर्ण एक मिनिट बोटांनी मोजायची. मी मोजायला लागले. ठोका, ठोका, ठोका, मग एक गाळला, आणि पुढचा दणकून आला. पुन्हा पाच-सहा सरळ, पुन्हा एक गाळला.

लहानपणी मी बाबांच्या छातीवर डोकं ठेवून झोपायचे. त्यांचं हृदय असंच मध्ये एक पायरी चुकवायचं, आणि मी त्या चुकलेल्या पायरीची वाट बघत जागी राहायचे. डॉक्टर म्हणायचे घाबरण्यासारखं काही नाही, पुष्कळांना असतं. पुष्कळांना असतं, हेच मी तेव्हाही मनात म्हटलं. शगुफ्ता समोर गळा काढून रडत होती आणि मी तिला म्हटलं, जरा गप बस. ती गप बसली, कारण माझा चेहरा तिनं पाहिला असावा.

मी केसची कागदं उघडली. नावं पुसलेली होती, गाव पुसलेलं होतं. नर्सच्या नोंदी मात्र जशाच्या तशा होत्या. दुसरा दिवस, दुपारी चार वाजून दहा मिनिटं: "पत्नी खाकी गणवेशात, ड्युटीवरून थेट आलेली. पेशंट सपाट निजलेला असताना तिने चमच्याने पाणी पाजले, सुमारे दोन चमचे. थांबवले. ठसका, ओठ निळसर. डॉक्टरांना कळवले. पत्नीस कारण समजावण्याचा प्रयत्न केला, ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही. उद्या पुन्हा सांगेन."

तिसरा दिवस: ताप. चौथा दिवस: उजव्या फुप्फुसात पाणी व पू. त्याखाली त्याच हाताची शेवटची नोंद होती. "पत्नीस सांगितले नाही. आता सांगून उपयोग नाही."

मी तिथेच फरशीवर बसले. त्या बाईला नऊ वर्षं आमच्या घरात शिव्या पडत होत्या. मीही घातल्या होत्या. आणि तिनं माझ्या आईला वाचवलं होतं, तिला ठाऊक असलेली एकच गोष्ट पोटात ठेवून.

शगुफ्ता म्हणाली, बंद कर आणि चल. मी ऐकलं नाही. माझा स्वभावच तसा. खपली दिसली की काढायची. मी चार वाजून दहा मिनिटांवर गेले, पाणी काढून टाकलं आणि गणित हजार वेळा चालवलं. मग पाणी ठेवून हजार वेळा. अर्धा तासही लागला नाही. पाणी दिलं तर हजारांत तीनशे साठ वेळा माणूस महिन्याभरानंतरही जिवंत. पाणी न देता सातशे दहा वेळा. त्यापुढे भूत काही सांगत नाही. महिन्याच्या पलीकडे आडाखा चालत नाही.

म्हणजे पाणी नसतं दिलं तरी दोनशे नव्वद वेळा बाबा गेलेच असते. मी त्या दोनशे नव्वदांना किती घट्ट धरलं ते माझं मला माहीत.

मॅडमना सांगावंच लागलं, कारण ओळखीचा देह सापडला तर ती केस विद्यार्थ्याकडून काढून घ्यायची असा नियम आहे. त्यांनी केस काढून घेतली. कधी नव्हे तो स्वतःच्या हातानं मला चहा ओतून दिला. आईला सांगू का, असं मी विचारलं. त्यांनी आधी कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "सांग म्हणणार नाही, नको सांगू म्हणणार नाही. पण स्वतःला हलकं वाटावं म्हणून सांगणार असशील, तर तोंड बंद ठेव."

मी तोंड बंद ठेवलं. रविवारी घरी गेले तर आई शेजारच्या सुनेला नेमकी तीच गोष्ट सांगत होती, कारण त्या सुनेचे वडील आजारी होते. चार वेळा हात जोडले, चमचा डब्यातला, चेहऱ्यावरचं समाधान. आत्या पलंगावर बसून मान डोलवत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसले, घासलेलीच पुन्हा घासली. मला आईचा राग आला होता. आई इतकी साधी आहे याचाच राग आला होता, आणि त्या रागाची लाजही वाटत होती.

परीक्षा सोमवारची ठरली. त्याच्या आधीच्या बुधवारी सकाळी आईचा फोन आला. आत्याचं तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाही, गाडी बोलावली आहे, तू ये.

मी गुरुवारी सकाळी पोचले. तालुक्याचा दवाखाना, बायकांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट. आत्या शुद्धीत होती, पण शब्द तिच्या तोंडातून ओले-ओले बाहेर पडत होते. डोक्याशी पाटी होती: तोंडावाटे काही देऊ नये. ड्युटीवरच्या ब्रदरनं सांगितलं, काल संध्याकाळी चाचणी घेतली, गिळता येत नाही. उद्या पुन्हा घेऊ, सलाईन चालू आहे. पोरगा नीट होता, कामाचा होता. आई त्याच्याकडे कशी बघत होती ते मला दिसलं. त्या बाईकडे तिनं असंच पाहिलं असणार.

दुपारी एकच्या सुमारास ब्रदर जेवायला गेला. मी आत्याची कूस बदलायला चादर आणायला गेले आणि परत आले तेव्हा आईनं खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला होता. मी पडदा सारला. आत्या सपाट निजलेली. आईच्या डाव्या हातात पेला, उजव्या हातात चमचा.

मी तिचं मनगट धरलं. पाणी चादरीवर सांडलं. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की ती मला ओळखतच नाही.

मी सगळं म्हणून पाहिलं. नियम आहे म्हटलं. तिला गिळता येत नाही म्हटलं. फुप्फुसात जाईल, ताप येईल, परीक्षेत याच चुकीपायी मी दोनदा नापास झाले, सगळं. आई ऐकत होती, म्हणजे मी थांबायची वाट बघत होती. वीस वर्षं पासवाल्या पोरांशी वाद घातलेली बाई ती, तिला कोण बोलून हरवणार.

"रात्रभर मागून रायली ती पाणी," आई हळूच म्हणाली. "तुह्या बाबाच्या वेळेसही असंच म्हणत होते हे लोक. म्या ऐकलं असतं त ते तहानेले गेले असते. तू बी त्याच बाईसारखी झाली काय?"

आत्या म्हणाली, "पाणी." आईनं मनगट सोडवून घेतलं आणि चमचा पुन्हा पेल्यात बुडवला.

आता दोनच गोष्टी उरल्या होत्या. तिला धक्का देऊन बाजूला करायचं, आणि मग रोज, प्रत्येक क्षणी तिथं पहारा द्यायचा. नाहीतर सांगायचं. मला हलकं वाटावं म्हणून नाही, हे मी शपथेवर सांगते. मला त्या घटकेला स्वतःचं काहीच वाटत नव्हतं.

"आई," मी म्हटलं, "बाबा त्या पाण्यानं गेले."

ती हसल्यासारखं करून म्हणाली, काहीतरीच. मग मी तिला सगळं सांगितलं. तिनं सही केलेला कागद, छातीचा पट्टा, भूत, गाळलेला ठोका. त्या ठोक्यापाशी तिचा चेहरा बदलला. तो ठोका तिच्याइतका कोणाला ठाऊक असणार. मी त्या नर्सच्या नोंदी सांगितल्या, तिला सांगितलं नाही तेही सांगितलं. आणि मग मी माझे दोनशे नव्वद पुढे केले. म्हटलं, हजारांतून दोनशे नव्वद वेळा ते तसेही गेलेच असते, आई. पाणी नसतं दिलं तरी.

"आन पाणी देल्यावर?"

मला खोटं बोलायला हवं होतं. जमलं नाही. "सहाशे चाळीस."

तिला कागद-पेन्सिल कधीच लागली नाही. तिनं खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे साडेतीनशे माह्यावर."

मी म्हटलं, असं वजा करायचं नसतं, तो आडाखा आहे, खरा माणूस एकदाच जगतो. ती म्हणाली, हो, एकदाच. तिनं पेला खिडकीत ठेवला, चमचा पदराला पुसला आणि पिशवीत टाकला. मग बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसली. मी आत आत्याचे ओठ ओल्या कापडानं पुसत होते आणि मधूनमधून बाहेर बघत होते. ती रडली नाही. रडली असती तर मला जाऊन काही करता आलं असतं.

तासाभरानं आत येऊन तिनं विचारलं, "ते पाणी नसतं देलं, त ज्या वेळा ते जगले, त्यात बोलत होते काय ते नीट?"

मी सांगितलं की भूत तेवढं सांगत नाही. ती बरं म्हणाली, माझ्या हातून कापड घेतलं आणि कसं पुसायचं ते दाखव म्हणाली. मी दाखवलं. एका दमात शिकली.

चार वाजता भेटीची वेळ झाली आणि आमचे भाऊकाका आले, बाबांचे चुलतभाऊ, भावकीत वडीलधारे. सोबत काकू आणि दोन्ही सुना. काकांच्या हातात गंगाजलाची छोटी बाटली होती. त्यांनी आत्याच्या कपाळावर हात ठेवला. आत्यानं त्यांना ओळखलं, आणि ओळखून पहिला शब्द काढला तो पाणी. काकांचे डोळे भरून आले. त्यांनी बाटलीचं झाकण उघडून ती आईपुढे धरली.

"पाज कुंदा तिले," काका म्हणाले. "तुह्याच हातानं पाज. आमच्या विनायकले पाजलं होतं तसं."

मी पुढे झाले. नियम सांगायला, पाटी दाखवायला, ब्रदरला हाक मारायला. माझ्याजवळ तिला झाकायला पुष्कळ होतं. ती नुसतं नाही म्हणाली असती, मुलगी नाही म्हणते म्हणाली असती, तरी भागलं असतं.

आईनं बाटली घेतली, झाकण घट्ट लावलं आणि काकांच्या हातात परत दिली.

"पाजलं होतं," ती म्हणाली. "त्यानंच गेले ते. पाणी छातीत उतरलं. माह्या पोरीनं मोजून पाह्यलं हाये. आता लीलाबाईले मी पाजणार नाई, आन कोणाले पाजू देणार नाई."

काकू म्हणाल्या, असं अभद्र बोलू नये बाई. काका माझ्याकडे बघत होते, मी काहीतरी सावरून घेईन म्हणून. मी म्हटलं, काका, हजारांतून दोनशे नव्वद वेळा, आणि आईनं माझ्या दंडाला हात लावून मला थांबवलं. वॉर्डातल्या बाकीच्या बायकाही ऐकत होत्या. काका बाटली पिशवीत घालून पाच मिनिटांत निघून गेले, काकू नि सुना त्यांच्यामागून गेल्या.

आम्ही सगळे तिथं उभे होतो तेव्हा आत्याचं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तिची वाचा गेली होती, कान गेले नव्हते. आई ओलं कापड घेऊन तिच्याशी वाकली तेव्हा आत्यानं ओठ मिटून घेतले आणि मान भिंतीकडे फिरवली. आई तरी तिथंच बसून राहिली, दिवे लागेपर्यंत आणि नंतरही.

आत्याला दोन दिवसांनी गिळता आलं. तिसऱ्या दिवशी पेज खाल्ली. सोमवारी मी परीक्षा दिली. पेशंटनं पाणी मागितलंच नाही, मला लघवीच्या नळीची केस आली, आणि मी पास झाले. मॅडमनी पाठीवर थाप मारली. परवाना गळ्यात अडकवून आता मी वॉर्डात फिरते आणि दिवसातून चार-पाच जणांना पाणी नाही म्हणते. त्यांची माणसं मला काय म्हणत असतील ते मला बरोबर ठाऊक आहे. बाबांच्या त्या नर्सचं नाव मला कोणी सांगितलं नाही; नोंदीतून पुसलेलं नाव देता येत नाही म्हणतात.

आत्या आमच्याकडेच असते. वाचा बरीचशी आली आहे, हातही उचलतो. आईशी मात्र ती बोलत नाही. भावकीत कोणी विचारलं तर म्हणते, माझ्या भावाला जिनं मारलं तिच्या घरात दिवस काढते आहे. भाजी-भाकरी आईच्या हातची खाते, ती काही सोडता येत नाही. पण पाणी घेत नाही. आई तांब्या-पेला तिच्या पलंगाशी ठेवते, ती तो पालथा घालते, काठी टेकत-टेकत उठते आणि स्वतः माठापर्यंत जाते. पलंगापासून माठ बारा पावलं आहे. पहिल्या महिन्यात तिला त्याला पाच मिनिटं लागायची.

मागच्या रविवारी मी घरी होते तेव्हाही ती अशीच निघाली. मला राहवलं नाही, मी आईला म्हटलं, तू हे कसं सहन करतेस, एकदा तरी तिला सांग की तू त्या दिवशी बाटली परत केली नसतीस तर ही आज कुठं असती. आई दारात उभी राहून आत्याची पावलं बघत होती. आत्या माठापाशी पोचली, झाकण काढलं, उभ्यानंच प्यायली, आणि तिला ठसका लागला नाही.

"चालते न बाप्पा ती," आई म्हणाली. "तेवढं पुरे हाये."